उठून दिसणे



आजच्या विषयाला नाव देताना आमची थोडी पंचाईत झाली. ‘ठळकपणा’ म्हणावे तर छापखान्याचा वास येतो. ‘लक्षवेधकता’ म्हणावे तर जाहिरातीचा. ‘प्राकट्य’ म्हणावे तर निम्मे श्रोते कीर्तन समजून पुढे येऊन बसतील आणि उरलेले निम्मे उठून जातील. म्हणून घरात, बाजारात, लग्नाच्या मांडवात आपण सगळे जो शब्द वापरतो तोच घेतला: उठून दिसणे. शंभर वस्तूंतून डोळा एकीकडेच का जातो, तो तिकडे जाण्यात कोणाचा लाभ असतो आणि कोणाची हानी, एवढाच आजचा प्रश्न. तो वाटतो रंगांचा आणि पाखरांचा; पण बोलता बोलता आपल्या अलिबागकरांच्या एका जुन्या दुखण्यापर्यंत येऊन ठेपणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम शब्दांकडेच पाहू. मराठीने या एका अनुभवाला किती क्रियापदे दिली आहेत! वस्तू आपली असेल तर ती ‘डोळ्यांत भरते’; तीच शेजाऱ्याची असेल तर ‘डोळ्यांत खुपते’. माणूस गुणाने पुढे आला तर तो ‘चमकतो’, ‘झळकतो’. पण साहेबाच्या ‘डोळ्यांवर आला’ की त्याची बदली ठरलेली. रंग ‘खुलतो’ तोवर ठीक, ‘भडक’ झाला की सगळे बिघडले. उठून दिसण्याविषयी आपल्या भाषेचे मन असे दुटप्पी आहे. मुलाने परीक्षेत चार मुलांत उठून दिसावे असे आईबापांना वाटते, आणि वागावे मात्र चारचौघांसारखे.

या दुटप्पीपणाचे सर्वांत गोड उदाहरण म्हणजे तान्ह्या मुलाची तीट. मूल गोजिरे, लोकांची नजर त्याच्यावर खिळणार, दृष्ट लागणार, म्हणून आई त्या गालावर काजळाचा ठिपका लावते. हेतू असा की रूपाला थोडे उणे आणावे, पाहणाऱ्याचा डोळा ठिपक्यावर अडकावा. आणि होते काय? त्या काळ्या ठिपक्याने मूल पहिल्याहून अधिक उठून दिसू लागते. दडवण्याचा उपाय दाखवण्याचा होऊन बसतो. आईला हे ठाऊक नसते असे आम्हांला मुळीच वाटत नाही.

पण तिटीने एक गोष्ट उघड केली. उठून दिसणे हा गुण त्या ठिपक्याच्या काळेपणात नाही. तोच ठिपका काजळाच्या डबीत कोणाला दिसणार? बगळ्याचे पाहा. भाताच्या हिरव्या खाचरात उभा असलेला बगळा मैलभरावरून दिसतो. तोच पेणकडच्या मिठागरात, मिठाच्या राशींच्या रांगेत जाऊन उभा राहिला, तर मान हलवीपर्यंत तोही एक रासच वाटतो. बगळा बदलला नाही, त्याच्या मागचे बदलले. तेव्हा उठून दिसण्याचे निम्मे काम वस्तू करते, आणि निम्मे तिच्या मागची भूमी करते. या मागच्या भूमीला कोणी धन्यवाद देत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि तिसरा भागीदार म्हणजे पाहणारा डोळा. वसंत ऋतू आहे म्हणून पांगाऱ्याची गोष्ट सांगतो. आपल्या कोकणात कुंपणाला आणि मिरवेलीला आधार म्हणून पांगारा लावतात. थंडी सरता सरता तो पान न् पान टाकून देतो, आणि मग त्या काटेरी, उघड्या फांद्यांवर लालभडक तुरे पेटतात. पळसाचे तेच, सावरीचे तेच. आपल्याला वाटते, काय ही निसर्गाची उधळण! वस्तुतः हा व्यवहार आहे, आणि चोख आहे. पाने आड येऊ नयेत म्हणून ती आधीच गळालेली. आणि रंग लाल, कारण गिऱ्हाईक पक्षी आहेत. मधमाशीच्या डोळ्याला तांबडा रंग नीट दिसत नाही. मैना, साळुंक्या, कावळे, बुलबुल यांना तो उत्तम दिसतो. परागाची ने-आण करण्याच्या मोबदल्यात त्यांना मध मिळतो. म्हणजे आपण ज्याला पाहून कविता करायला बसतो, ती पाटी आपल्यासाठी लावलेलीच नाही! आपण रस्त्याने जाता जाता दुसऱ्याचे पत्र वाचले, एवढेच.

उठून दिसण्याची किंमत मात्र रोख मोजावी लागते. ओहोटीला खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी जाऊन थोडा वेळ न हलता उभे राहावे. बोटाच्या पेराएवढे खेकडे बिळांतून बाहेर येतात. त्यांतल्या नराचा एक नांगा इवलासा आणि दुसरा अवाढव्य, कधी कधी तर शरीराच्या निम्म्या वजनाचा. पुष्कळदा रंगानेही झगझगीत. तो नांगा वरखाली हलवीत हे गृहस्थ बिळाच्या दारात उभे असतात. हेतू मादीने पाहावे हा. पण किनाऱ्यावर हिंडणाऱ्या पक्ष्यालाही तोच नांगा दिसतो. शिवाय तेवढा एक हात खाण्याच्या कामातून बाद झाला. मादी दोन हातांनी जेवते, हा एकाच. डामडौलापायी पोटाला चिमटा घेणारी माणसे आपण पाहतो. खेकड्याने ती रीत आपल्या कितीतरी आधी चालू केली आहे.

टिटवीची हुशारी याहून निराळी. तिची अंडी माळावर उघड्यावर पडलेली असतात. घरटे म्हणजे चार खडे इकडेतिकडे सारलेली जागा. अंड्यांचा रंग मातीचा, वर खड्यासारखे डाग. पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. आणि टिटवी स्वतः? कुत्रे नाहीतर माणूस जवळ आले की आकाश डोक्यावर घेते, घिरट्या घालते, अंगावर येते, दुसऱ्याच बाजूला उतरून तिथेच काही दडले आहे असा आव आणते. अंडी दिसू नयेत म्हणून ती आपण होऊन दिसते. आपल्या लोकांनी तिच्या ओरडण्याला अपशकुन ठरवले. वास्तविक त्या ओरडण्यात एका आईने आपल्या अंगावर ओढवून घेतलेली सगळी नजर आहे.

आणखी एक उदाहरण देऊन निसर्गाचा भाग आवरता घेतो. बिबळ्या कडवा नावाचे नारिंगी फुलपाखरू आपण रुईच्या आसपास पाहिले असेल. उडते कसे सावकाश, जणू बाजारात फिरायला निघाले आहे! त्याला घाई नाही, कारण त्याच्या अळीने रुईचे विष पचवून अंगात साठवलेले असते. नवख्या पक्ष्याने एकदा खाल्ले की तो ओकतो, आणि तो नारिंगी रंग पुन्हा विसरत नाही. इथे उठून दिसणे हेच चिलखत. पण जिथे पत आली तिथे तिची नक्कल आलीच. छोटा चांदवा म्हणून दुसरे एक फुलपाखरू आहे. त्याची अळी घोळीच्या भाजीसारख्या निरुपद्रवी पाल्यावर वाढते, अंगात विष म्हणावे असे काही नाही. त्याची मादी हुबेहूब कडव्याचा नारिंगी वेष घेऊन निर्धास्त हिंडते. ही बतावणी कुठवर चालते? खरे कडवे पुष्कळ आणि तोतये थोडे असतील तोवर. तोतयांची संख्या वाढली की पक्ष्यांचा रंगावरचा विश्वास उडतो, आणि मग खऱ्या कडव्याचेही मरण ओढवते.

आता समोरच्या समुद्राकडे वळू. १६७९ साली पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशी किल्ला उठतो आहे हे पाहून इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. त्यांची गलबते उंच शिडांची, तोफांची, दुरून धाक बसावा अशी. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्या बुटक्या, अरुंद, उथळ पाण्यातून सरकणाऱ्या. थळ-नागावच्या बाजूने रात्री त्या निघत आणि रसद पोचवून पहाटेच्या आत परत येत. दिसण्यासाठी बांधलेल्या जहाजांनी न दिसण्यासाठी बांधलेल्या होड्यांपुढे हात टेकले. पुढच्याच वर्षी, १६८० च्या आरंभी, तह झाला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. मौज अशी की त्याच बेटावर १८६७ साली दीपगृह उभे राहिले. ज्या बेटाने अंधाराच्या आश्रयाने आपला जीव वाचवला, ते आता रात्रभर जागून दुसऱ्यांचे जीव वाचवू लागले. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत खांदेरी आहे.

दीपगृहाचा धडा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. नुसता मोठा दिवा लावून भागत नाही. रात्री किनाऱ्यावर दिवे शेकडो. तांडेलाला कळले पाहिजे की हा दिवा खांदेरीचाच. म्हणून प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापेचा ठेका ठरलेला असतो. किती सेकंदांत किती वेळा लुकलुकायचे, हे नकाशावर लिहिलेले असते. म्हणजे प्रकाशापेक्षा त्यातला अंधारच दिव्याची ओळख पटवतो.

हेच आपला तबलजी करतो. तीनतालात समेवर थाप पडते ती आपण सारेच ओळखतो. पण नवव्या मात्रेची खाली कशी कळते? तिथे तबलजी काही वाढवीत नाही. पुढच्या बोलांतून डग्ग्याचा घुमारा काढून घेतो. बैठकीत मागे बसलेल्या माणसालाही तेवढ्या पोकळीवरून आपण आवर्तनात कुठे आहोत ते उमगते.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रज्ञांनी या सगळ्या प्रकाराला नावे देऊन ठेवली आहेत. एक वस्तू दुसरीत रंगसाम्याने बुडून जाते तो ‘मीलित’ अलंकार. बुडालेली वस्तू काही कारणाने पुन्हा ओळखू येते तो ‘उन्मीलित’. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त दोहोंची उदाहरणे आहेत. जात्याच तांबूस अशा पावलांवर लावलेला अळिता दिसलाच नाही, हे मीलित. आणि राजाच्या शुभ्र कीर्तीत हिमालय बुडून गेला, तेव्हा देवांनी तो थंडीवरून ओळखला, हे उन्मीलित! राजस्तुतीचा भाग सोडून द्या. पण डोळ्याने हात टेकले तिथे अंगाला वाजणाऱ्या थंडीने काम केले, ही कल्पना शास्त्रज्ञालाही आवडावी अशी आहे.

चित्रकलेतले एकच उदाहरण घेतो, कारण ते घरोघरच्या भिंतीवर गेलेले आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांत एक चित्र केले: हातात समई घेतलेली तरुणी, ज्योतीला आड धरलेला तळवा, आणि बोटांच्या फटींतून आणि मांसातून झिरपणारा तांबूस उजेड. चित्रासाठी उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्या चित्रात ज्योत दिसते ती तिच्या पिवळ्या रंगामुळे नव्हे. सबंध कागदभर चित्रकाराने जो शांत काळोख पसरला आहे, त्यावर ती उमटली आहे. आणि जलरंगाची मेख अशी की सर्वांत उजळ जागा बहुधा रंगवायचीच नसते. तिथे कागद राखायचा असतो. एकदा गेलेला कागद परत येत नाही. चित्र इतके प्रसिद्ध, आणि चित्रकार इतका मागे, की पुष्कळजण आजही ते राजा रविवर्म्याचे समजतात.

पेणच्या गणपतीचेही तसेच. मूर्ती कितीही मोठी असो, मुकुटाला कितीही सोनेरी लावा. जाणता माणूस कारखान्यात शिरला की प्रथम डोळ्यांची आखणी पाहतो. बारीक कुंचल्याच्या त्या चार-दोन रेषांवर मूर्ती आपल्याकडे पाहते की नाही हे ठरते. म्हणूनच ते काम कारखान्यात कोणाच्याही हाती देत नाहीत.

आता अलिबागकरांच्या अभिमानाची गोष्ट. मुंबईच्या कुलाब्याला एक जुनी वेधशाळा होती. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. हे चुंबकत्व दिवसभरात किंचित कमीजास्त होते. हा चढउतार सामान्यतः हजारात एखाद्या भागाइतका. तो टिपायचा म्हणजे भोवताली शांतता हवी. ती कानाला नव्हे, चुंबकसुईला जाणवणारी. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रॅमगाड्या येणार असे ठरले. विजेचा प्रवाह आला की सुई थरथरणार, आणि पृथ्वीचे बोलणे त्या गलबल्यात बुडणार. शास्त्रकारांच्या भाषेत सांगायचे तर मीलित अलंकार होणार! तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती आपल्या अलिबागला. १९०४ साली इथे, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत, नोंदी सुरू झाल्या. दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही वेधशाळा बरोबर चालवल्या, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्रॅम धावली. कुलाब्याचे काम असे कुलाब्यालाच आले, कारण आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. ती वेधशाळा आजही चालू आहे. जगातल्या शास्त्रज्ञांना अलिबाग ठाऊक आहे ते समुद्रकिनाऱ्याकरिता नव्हे. इथली भूमी निश्चल होती, आणि त्या निश्चल भूमीवर पृथ्वीचा एवढासा श्वासही उठून दिसत होता.

हे सांगण्याचे कारण असे की ती भूमी आता दोन्ही अर्थांनी गलबलू लागली आहे. रेवस-मांडव्याकडून गावात येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना किती फलक आहेत, ते कधी मोजून पाहावे. प्रत्येक फलक शेजारच्याहून मोठा, प्रत्येक अक्षर जाड. सगळीच अक्षरे ठळक झाल्यावर वाचणाऱ्याचा डोळा मध्ये दिसणाऱ्या एखाद्या आंब्याच्या झाडावर जाऊन विसावतो. फलकांचे आपण हसण्यावारी नेऊ; दिव्यांचे तसे नेता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात हरिहरेश्वर, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालून जातात. पिले रात्री वाळूतून वर येतात आणि जी बाजू अधिक उजळ दिसेल तिकडे धावत सुटतात. लक्षावधी वर्षे उजळ बाजू म्हणजे समुद्र, हे समीकरण कधी चुकले नाही. आता किनाऱ्यालगत दिव्यांची रांग लागली की पिलू समुद्राकडे पाठ फिरवून हॉटेलाकडे चालू लागते. आणि सकाळी कावळ्यांचे फावते. पर्यटकाला समुद्र दिसावा म्हणून लावलेला दिवा, समुद्राच्याच लेकराला समुद्र दिसू देत नाही. अंडी घालण्याच्या महिन्यांत किनाऱ्याकडचे दिवे झाकले किंवा मालवले तर एवढा अनर्थ टळतो. त्याला खर्चही फारसा येत नाही.

आणि आता ते जुने दुखणे. मुंबईत कोणी व्यवहारात भोळा ठरला की त्याला विचारतात, “अलिबागसे आया है क्या?” आपल्यातल्या कित्येकांनी हे वाक्य खरोखरच अलिबागहून गेलेले असताना ऐकले आहे, मग काय उत्तर द्यायचे? चित्रपटांत हे वाक्य वापरण्यास बंदी घालावी म्हणून उच्च न्यायालयात अर्जही झाला, आणि २०१९ साली न्यायालयाने तो फेटाळला. आमच्या मते ते ठीकच झाले. थट्टा हुकुमाने थांबत नाही. पण त्या वाक्यात जे घडते ते पाहण्यासारखे आहे. लॉंचीतून उतरलेला माणूस धक्क्यावर का उठून दिसला? त्याची चाल, त्याचे गाठोडे आणि मुख्यतः त्याची बोली. आगरी-कोळी माणूस ‘घोडा’ला ‘घोरा’ म्हणतो, ‘पाणी’ला ‘पानी’, ‘काळा’ला ‘काला’, ‘मला’ऐवजी ‘मना’. थळच्या बंदरावर हे सगळे शब्द खाचरातल्या भातासारखे एकमेकांत मिसळून जातात. तिथे एखादा पुण्याचा पाहुणा णकार घोटून बोलू लागला तर बगळ्यासारखा तोच उठून दिसतो. मुंबईत आणि पुण्यात मात्र मागची भूमी पालटते. दोष बोलीत नाही. पण ज्याची भूमी मोठी, त्याला आपली बोली ही बोलीच वाटत नाही. ती त्याला नुसती भाषा वाटते.

याचा परिणाम घराघरांत दिसतो. आजी नातवाशी आगरीत बोलते, आणि नातू तिला शाळेतल्या मराठीत उत्तर देतो. पाहुणे आले की आजीलाच गप्प बसवतात. मुलाने चारचौघांत उठून दिसू नये म्हणून ही सावधगिरी. टिटवीची अंडी जशी मातीत मिसळतात तशी मुले प्रमाण भाषेत मिसळावीत, हे आईबापांच्या दृष्टीने शहाणपणाचेच आहे. पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. फक्त घरातही ती अंडी लपवायची काय, एवढे विचारावेसे वाटते. शिक्षकांनी ‘पानी’ लिहिलेले लाल शाईने दुरुस्त करावे, ते त्यांचे काम. पण ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गाने हसावे यात शिक्षणाचा कोणता भाग येतो?

इथून हाकेच्या अंतरावर आक्षी आहे. तिथला शिलालेख आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल; पुष्कळ वर्षे तो रस्त्याच्या कडेला उभा होता आणि येणारे-जाणारे त्याला वळसा घालून पुढे जात. शिलाहार राजा केशिदेव याच्या कारकिर्दीतल्या दानाचा तो लेख. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावर शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ हे वर्ष वाचले. या वाचनाप्रमाणे तो मराठीतल्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांपैकी एक ठरतो. दान मोडणाऱ्याला शाप म्हणून त्यावर गाढवाचे चित्र कोरले आहे. अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. चित्र मुद्दाम ओंगळ आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याचाही डोळा तिथे अडकावा आणि त्याने समजून असावे, ही त्यातली योजना. चित्र उठून दिसले, लेख मागे राहिला. लोकांनी शतकानुशतके शिवी वाचली आणि भाषा वाचली नाही.

आता त्या लेखातली भाषा पाहा. ‘पश्चिम’ असे आपण लिहितो तिथे कोरणाऱ्याने ‘पसिम’ लिहिले आहे; ‘श्री’ लिहितो तिथे ‘स्री’. शकाराचा सकार करणारे मूल आज आपल्या वर्गात उठून दिसते, कोणीतरी तोंड फिरवून हसते. आक्षीच्या त्या पाथरवटाला कोणी हसले नसावे. अलिबागेहून आलास काय, असे त्याला विचारायला तेव्हा मुंबई शहर वसलेले नव्हते. आणि अलिबाग नावाचे गावही नव्हते.